पोळ्याचा बाजार

श्रावण अमावास्येला पोळा. त्याआधीच्या आठवडे बाजारात जळगाव-धुळ्याकडे जमिनीवरच दुकाने मांडलेली असतात. झुली, गोंडे, घुंगुरमाळा, कवड्यांचे पट्टे, शिंगांसाठी बेगड. नुसते हिंडले तरी डोळे निवतात.

खरी पारख मात्र दोराची. कासरा घेताना टोक थोडे उलगडून पाहावे. प्रत्येक पेड एका अंगाने पिळलेला असतो आणि तीन पेड एकमेकांत उलट अंगाने वळलेले असतात. एक पीळ सुटू पाहतो तेव्हा दुसरा आवळतो. या भांडणावरच दोर टिकतो. बोटांत पेड सहज विलग झाले, तर दोर खाली ठेवावा.

नायलॉन पावसात कुजत नाही, म्हणून कासऱ्याला तो घेणाऱ्या शेतकऱ्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. वेसण मात्र सुताचीच हवी. नायलॉनची वेसण ओढ बसली की बैलाचे नाक काचते. अर्थात दारात ट्रॅक्टर उभा राहिला की कासराही नको आणि वेसणही नको. दोर वळणाऱ्याचे गिऱ्हाईक खरे तिथे तुटते.

पोळा हुकला, तर दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा गाठावी. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेले हे तापीकाठचे गाव आता नंदुरबारात आहे. तिथे बाजार घोड्यांचा, आणि पारख लगाम-खोगिरांची.