कूर्मगतीच्या रोपांना उसनी मुळे

मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर शहराच्या इतवारा भागात मे महिन्याच्या दुपारी गच्चीच्या फरशीवर तळहात टेकवता येत नाही. पारा ४२ अंशांच्या पुढे गेलेला असतो आणि तापीकाठच्या सपाटीवरून झळा येत असतात. वाळवंटातल्या कॅक्टसला याहून अनुकूल जागा कोणती, असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात अशा गच्चीवर बियांपासून उगवलेली कॅक्टसची इवली रोपे एका दुपारीत पांढरी पडून करपतात. गोव्यात अडचण नेमकी उलट असते. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या भूमीत तीच रोपे आषाढात बुडापासून पाणावतात आणि कुजतात. हवामान दोन टोकांचे असले, तरी छंदाचा शेवट मात्र बहुधा सारखाच होतो. संथ वाढणाऱ्या कॅक्टसची रोपे दुसऱ्या जोमदार कॅक्टसवर कलम करण्याची पद्धत म्हणूनच दोन्हीकडच्या हौशी मंडळींनी समजून घेण्याजोगी आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. कोकण-गोव्यात आणि खानदेशात कुंपणाला लावलेले, तोडताच पांढरा चीक गाळणारे त्रिधारी निवडुंग हे कॅक्टस नव्हे. ते युफोर्बिया कुळातले आहे. कॅक्टसचे कूळ मूळचे अमेरिका खंडांतले. आपल्याकडे रानोमाळ दिसणारा फड्या निवडुंग हा खरा कॅक्टस असला, तरी तोही बाहेरून आलेला. हा भेद केवळ पुस्तकी नाही. कुंपणाचे निवडुंग फुकट मिळते म्हणून त्यावर कॅक्टसचे कलम बसवण्याचा मोह अनेकांना होतो. ते कधीही जुळत नाही, कारण कलमाला खुंट आणि वरचे रोप यांचे नाते जवळचे असावे लागते.

संथ म्हणजे किती संथ? ॲरिझोनातला प्रसिद्ध सग्वारो कॅक्टस पुढे दोन-तीन माणसांहून उंच होतो. पण पहिल्या आठ वर्षांत त्याची उंची जेमतेम अडीच ते चार सेंटीमीटर भरते. मेक्सिकोच्या नुएवो लिओन प्रांतातील उभ्या कड्यांवर वाढणाऱ्या ॲझ्टेकियम रिटेरीचे रोप वर्षाअखेरीस मोहरीच्या दाण्याहून फारसे मोठे नसते. दगडाच्या चिपांसारखा दिसणारा एरिओकार्पस बियांपासून फुलावर यायला सात-दहा वर्षे सहज घेतो. अँडीजच्या खडकांतला ब्लॉसफेल्डिया तर पूर्ण वाढूनही सेंटीमीटरभराचाच राहतो. इतका काळ एवढ्याशा जिवाला जपायचे, म्हणजे इतके उन्हाळे आणि इतके पावसाळे पार करायचे. त्यांतला एकही चुकला तरी सगळे संपते.

बुऱ्हाणपूरच्या उन्हात ही रोपे का टिकत नाहीत, याचे उत्तर त्यांच्या मूळ ठिकाणी सापडते. वाळवंटात कॅक्टसचे बी उघड्यावर क्वचितच तग धरते. एखाद्या झुडपाच्या, गवताच्या किंवा दगडाच्या सावलीत पडलेलेच बी जगते. अशा झुडपाला वनस्पतिशास्त्रात दाई-वनस्पती म्हणतात. सग्वारोचे बाळपण पालो व्हर्दे नावाच्या काटेरी झाडाखाली जाते. दुसरे कारण अधिक रंजक आहे. बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. कॅक्टस पाणी वाचवण्यासाठी ती रात्री उघडतो, वायू आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा उजेडात त्याची साखर करतो. मेक्सिकोच्या पठारावर दिवस कितीही तापला, तरी रात्र गार होते. बुऱ्हाणपूरच्या मे महिन्यात रात्रही तापलेलीच असते आणि पणजीत ती दमट, उबट असते. अशा रात्री रंध्रे नीट उघडत नाहीत व वाढ थांबते. कॅक्टसला उष्णता आवडते हे अर्धेच सत्य आहे. त्याला गार रात्र त्याहून अधिक हवी असते.

त्यामुळे पेरणीची वेळ महत्त्वाची. पाऊस ओसरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास पेरले, तर उन्हाळ्याआधी रोपांना पाच-सहा महिने मिळतात. बुऱ्हाणपूरच्या आसपासची काळी माती यासाठी निरुपयोगी. ती पाणी धरून फुगते आणि वाळली की तडकते. विटांचे बारीक तुकडे, जाडी वाळू, खडीची कच आणि थोडेसे चाळलेले कुजलेले पानखत, असे निचऱ्याचे मिश्रण घ्यावे आणि ते उकळत्या पाण्याने किंवा वाफेने निर्जंतुक करावे. बी पृष्ठभागावर नुसते भुरभुरायचे, मातीने झाकायचे नाही. कुंडी पारदर्शक पिशवीत घालून पिशवीचे तोंड बांधायचे आणि ती उजेडाच्या, पण थेट ऊन न लागणाऱ्या जागी ठेवायची. तापमान २५ ते ३० अंशांच्या आसपास असेल, तर पहिले हिरवे ठिपके एक-दोन आठवड्यांत दिसतात. पिशवी दोन-तीन महिने उघडायची नाही. तोवर पाणीही घालावे लागत नाही. आतले बाष्प आतच फिरते.

खरी परीक्षा पिशवी उघडताना होते. बुऱ्हाणपूर जिल्हा केळीचा. ऊतीसंवर्धित केळीची रोपे प्रयोगशाळेतून थेट शेतात लावत नाहीत, आधी हरितगृहात आणि मग शेडनेटखाली ठेवून ती कणखर करतात, हे तिथल्या कोणत्याही बागायतदाराला ठाऊक असते. कॅक्टसच्या रोपांनाही हाच न्याय लागू पडतो. पहिल्या दिवशी पिशवीला एक भोक, चार दिवसांनी आणखी काही, मग तोंड सैल करणे, आणि शेवटी सावलीच्या जाळीखाली जागा. घाई केली की रोपे आक्रसतात. उशीर केला की शेवाळ चढते किंवा मर रोगाने कुंडीभर रोपे एका रात्रीत आडवी होतात.

येथे कलम उपयोगी पडते. आंब्याच्या कलमांशी परिचय असलेल्या गोमंतकीयांना आणि कोकणातल्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही. कोय कलमात कोयीतून नुकत्याच उगवलेल्या कोवळ्या रोपावर हव्या त्या जातीची काडी बसवतात. कॅक्टसमध्ये उलट घडते. कोवळे, काही आठवड्यांचे, दोन-तीन मिलिमीटरचे रोप वर बसते आणि खाली जोमदार खुंट असतो. आंब्यात साल आणि लाकूड यांच्यामधला पातळ थर जुळवावा लागतो. कॅक्टसच्या आडव्या कापावर मात्र मधोमध एक फिकट वर्तुळ दिसते. पाणी आणि अन्न वाहणाऱ्या नलिकांचे ते कडे असते. खुंटाचे कडे आणि वरच्या रोपाचे कडे एकमेकांना निदान एक-दोन ठिकाणी छेदले पाहिजेत. रोपाचे कडे खुंटाच्या कड्यापेक्षा फार लहान असेल, तर ते बरोबर मध्यावर ठेवण्यात अर्थ नाही, कारण लहान कडे मोठ्याच्या पोकळीतच राहते. ते जरा बाजूला सरकवून ठेवावे लागते. नवख्यांची बहुतेक कलमे याच एका गोष्टीसाठी फसतात.

अगदी लहान रोपांसाठी जगभरच्या छंदिष्टांचा आवडता खुंट म्हणजे पेरेस्किऑप्सिस. हा कॅक्टस असूनही त्याला खरीखुरी पाने असतात, खोड पेन्सिलीएवढे बारीक असते आणि त्याचे बारीक कुसळ बोटात शिरले की दिवसभर सलते. त्याची वाढती, रसरशीत फांदी शेंड्याखाली नव्या दाढीच्या पात्याने आडवी कापायची. पाते स्पिरिटने पुसलेले असावे. रोपाचे बूड तितक्याच स्वच्छ कापाने काढून ते लगेच वर टेकवायचे. एवढे लहान रोप रसाच्या ओलाव्यानेच चिकटून राहते. त्याला दोरा-रबर लागत नाही. दोन-तीन दिवस सावलीत, दमट झाकणाखाली ठेवले की जोड धरतो. खुंटाची पाने काढू नयेत, कारण वरच्या रोपाला मिळणारी साखर मोठ्या प्रमाणात त्यांतूनच येते. वर्षभर मोहरीएवढे राहणारे रोप अशा खुंटावर तेवढ्याच काळात गोटीएवढे होते. मंदगती कॅक्टसच्या इवल्या रोपांची मुळे तोकडी असतात आणि वाढीला खीळ बसते ती बरीचशी तिथेच. दुसऱ्याची भरभक्कम मुळे मिळताच ती निघते.

थोड्या मोठ्या रोपांसाठी हायलोसेरियस, म्हणजे ड्रॅगन फ्रूटचा वेल, हा सर्वांत सोपा खुंट आहे. महाराष्ट्रात सांगली-सोलापूरकडे त्याच्या बागा उभ्या राहिल्याने छाटणीतले कांडे मिळवणे आता अवघड राहिलेले नाही. हा कापताना एक काळजी घ्यावी लागते. मधला गर वाळताना आत आक्रसतो आणि कडक साल वर राहते. त्यामुळे वरचे रोप उचलले जाते आणि जोड सुटतो. हे टाळण्यासाठी कापाच्या तिन्ही कडा तिरक्या तासतात. वरचे रोप ठेवून रबराने हलकेच दाबून ठेवले की आठवड्याभरात रबर काढता येते. हा खुंट थंडीला नाजूक आहे. गोव्यात त्याला धोका नाही. पण बुऱ्हाणपुरात पौषातल्या काही रात्री पारा १० अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा कुंडी आत घ्यावी लागते. त्याऐवजी मिर्टिलोकॅक्टस वापरला, तर तो अधिक टिकाऊ ठरतो, मात्र वेग थोडा कमी. कलमाचा हंगाम कोरड्या हवेचा असावा, इतका एकच नियम दोन्ही ठिकाणी पुरतो. पावसाळ्यातला ओला काप म्हणजे बुरशीला आमंत्रण.

रोपवाटिकांत लाल, पिवळे, गुलाबी गोळे डोक्यावर घेतलेले हिरवे कांडे सर्रास विकायला असतात. पुष्कळांना ते एकच झाड वाटते, क्वचित रंग दिलेले वाटते. ते कलमच असते. १९४१ मध्ये जपानमध्ये एइजी वातानाबे यांना जिम्नोकॅलिसियम मिहानोविचीच्या रोपांत लालसर छटेची काही रोपे आढळली. त्यांतून हे वाण निघाले. त्यात हरितद्रव्य नसल्याने स्वतःच्या मुळांवर ते जगूच शकत नाही. आज दक्षिण कोरिया त्याचा मोठा निर्यातदार आहे. घरी आणलेला गोळा दोन-चार वर्षांत का मरतो, याचे कारणही येथेच आहे. कोवळ्या खुंटावर सगळा भार असतो आणि कुंडीतल्या कोकोपीटमध्ये पाणी साचून तो खुंटच आधी कुजतो. ग्राहक मात्र आपल्याला कॅक्टस जमत नाही, असे समजून छंदाला रामराम ठोकतो.

जाणकारांतला एक वर्ग कलमाला नाके मुरडतो, आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही. कलमी एरिओकार्पस फुगीर होतो. उन्हातान्हात सोसून आलेला त्याचा दगडी, दबका घाट हरवतो. पिल्लेही नको तितकी फुटतात. शोभेसाठी स्वमूळ रोपच सरस, हे मान्य करायला हवे. पण रोप जगवणे आणि लवकर फुलावर आणून त्याचे बी मिळवणे हा हेतू असेल, तर फुगीरपणाची किंमत फार नाही.

या बी मिळवण्याला छंदापलीकडचे मोल आहे. २०१५ मध्ये ‘नेचर प्लांट्स’ या नियतकालिकात १४७८ कॅक्टस जातींचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यांतील ३१ टक्के जाती संकटात असल्याचे आढळले आणि जमिनीच्या बदलत्या वापराबरोबरच संग्राहकांसाठी होणारी उचल हे त्याचे मोठे कारण ठरले. २०२० मध्ये इटलीच्या पोलिसांनी चिलीच्या अटाकामा वाळवंटातून चोरलेले हजाराहून अधिक कॅक्टस जप्त केले. त्यांतील शेकडो पुढच्या वर्षी चिलीला परत पाठवण्यात आले. चोरी होते ती नेमकी संथ जातींची, कारण बियांपासून मोठे रोप करायला कोणाला वेळ नसतो. एरिओकार्पस, ॲझ्टेकियम रिटेरी, स्ट्रोम्बोकॅक्टस हे सर्व साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहेत आणि उरलेले जवळपास सर्व कॅक्टस दुसऱ्या. भारत १९७६ पासून या कराराचा सदस्य आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि या परिशिष्टांतील जातींना देशी कायद्यातही स्थान मिळाले. ऑनलाइन बाजारात स्वस्तात दिसणारा मोठा, जुना एरिओकार्पस घेण्याआधी म्हणूनच तो निरखावा. बुडाशी सालीसारखा खरबरीत थर, ओबडधोबड जखमा, एका बाजूला झुकलेला घाट आणि तोडलेले जाड मूळ दिसत असेल, तर तो कुंडीत वाढलेला नाही, अशी दाट शंका घ्यावी. रोपवाटिकेत बियांपासून वाढलेले रोप बहुधा नितळ आणि सारखे असते.

कॅक्टसची आवड आपल्याकडे नवी नाही. मध्य प्रदेशातच, रतलाम जिल्ह्यातील सैलाना येथे राजवाड्याच्या आवारातला कॅक्टस संग्रह जुना व नावाजलेला आहे. पंचकुला येथील राष्ट्रीय कॅक्टस उद्यान १९८७ मध्ये उभे राहिले. बाग पाहून आल्यावर भलेमोठे झाड विकत घेण्याची इच्छा होते. त्याऐवजी बियांची एक पुडी घेणे बरे.

कलमी रोप लिंबाएवढे झाले की त्याला पुन्हा स्वतःच्या मुळांवर आणता येते. कोरड्या, उबदार दिवसांत ते जोडाच्या किंचित वर कापतात, जखम सावलीत दोन-तीन आठवडे पूर्ण वाळू देतात आणि मग कोरड्या खडीवर टेकवून ठेवतात. मुळे फुटायला महिने लागू शकतात. तोवर पाणी देण्याचा मोह टाळावा लागतो. बी हवे असेल, तर मात्र दोन वेगळ्या बियांपासून झालेली रोपे खुंटावरच राहू द्यावीत, कारण एरिओकार्पस सहसा स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. फुले दुपारी उमलली की मऊ कुंचल्याने एकाचे पराग दुसऱ्याच्या कुक्षीवर फिरवायचे. फळ शेंड्याजवळच्या लोकरीत दडून बसते आणि कित्येक महिने दिसतही नाही. लोकर चिमट्याने अलगद बाजूला केली की आत काळे, बारीक बी सापडते.