अंगणात आलेली शाळा : बोर्डी ते कोसबाड

1945 साली ताराबाई मोडक बोर्डीस राहावयास आल्या तेव्हा त्यांनी वयाची 53 वर्षे पुरी केली होती. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेकांच्या सहवासात घालविलेली तपश्चर्येची वर्षे, 1926 साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाचा वाढता व्याप आणि पुढे 1936 पासून दादरच्या शिशुविहारात मध्यमवर्गीय कुटुंबांच्या मुलांसाठी उभे केलेले काम ही सर्व पुण्याई गाठीशी असताना, शहरातच राहून तिच्या व्याजावर उर्वरित आयुष्य सन्मानाने कंठावे असा विचार त्यांच्या मनात आला असता तर त्यास कोणी नाव ठेवले नसते. परंतु माँटेसोरीबाईंची पद्धती ही केवळ सुस्थितीतल्या मुलांची मिरास होऊन राहावी हे त्यांना मानवले नाही, आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकास, समुद्रकाठी, आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षकाने आधीच विद्येचे वातावरण निर्माण केलेल्या त्या गावी त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्राचा पाया घातला.

पुढील 47 वर्षांचा, म्हणजे ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघ यांच्या देहावसानापर्यंतचा, ह्या कामाचा आढावा घेऊ लागले म्हणजे एक गोष्ट वारंवार समोर येते. ह्या दोन स्त्रियांनी अक्षरांच्या आधी मुलाच्या देहाकडे, त्याच्या भुकेकडे आणि त्याच्या भयाकडे पाहिले. आणि त्यांचा जो काही प्रभाव मागे राहिला तो ह्या क्रमातूनच उत्पन्न झाला, अशी माझी धारणा आहे.

बोर्डीस प्रथम बालवाडी रीतसर एका ठिकाणी भरू लागली, आणि तेथे येणारी मुले बहुतांशी अशा घरांतली असत की ज्यांना मुलास न्हाऊमाखू घालून पाठविण्याची सवड व ऐपत होती. गावाच्या कडेच्या हरिजन व आदिवासी वस्त्यांतली मुले येईनात. सरकारदरबारी असा प्रसंग आला म्हणजे पालकांच्या अनास्थेचा शेरा मारून दप्तर बांधून ठेवण्याचा शिरस्ता असतो. ताराबाईंनी मात्र शाळाच उचलून त्या वस्तीत नेली. कोणाच्या तरी झोपडीपुढील सारवलेले अंगण किंवा झाडाची सावली एवढी जागा त्यास पुरेशी होती.

ह्या अंगणातील बालवाडीची रीत जवळून पाहण्याजोगी आहे. सेविका सकाळी वस्तीत येई आणि दारोदार हिंडून मुले गोळा करी. आई पहाटेच मजुरीला गेलेली, धाकटे भावंड कडेवर, केसांच्या जटा झालेल्या, डोळ्यांच्या कडांना चिपडे धरलेली अशी ही मुले अनोळखी बाईस पाहून प्रथम कुडाआड पळत. तेव्हा धड्याची सुरुवात पाण्याने होई : हातपाय धुवावयाचे, नखे कापावयाची, केस विंचरावयाचे, खरजेला औषध लावावयाचे; आणि हे सर्व चालले असता सेविका गाणे म्हणत असे, गोष्ट सांगत असे. ज्या मुलाच्या मस्तकावरून जन्मात कोणी परक्याने हात फिरविला नव्हता त्यास तो हात लाभला म्हणजे दुसऱ्या दिवशी ते कुडाआड पळत नसे. मग ती आसपासच्या खडे, काड्या, बिया, पाने, शंखशिंपले ह्यांची रास पुढे मांडी. लहान-मोठे, गुळगुळीत-खरबरीत, कमी-अधिक ह्यांचे ज्ञान मुलाच्या बोटांतून त्याच्या बुद्धीत शिरे. परदेशी साधनांची पेटी परवडत नाही म्हणून हा गरिबीतला पर्याय शोधला असे समजणे अन्यायाचे होईल. मुलाच्या ओळखीच्या वस्तूपासूनच आरंभ करावा हे तत्त्व त्यामागे होते, आणि ते शहरातल्या बालमंदिरांनीही उचलावे इतके खरे होते.

ह्या कामास अनुताई कशा आल्या हेही सांगितले पाहिजे. तेराव्या वर्षी लग्न आणि पाठोपाठ वैधव्य अशी ज्यांच्या आयुष्याची सुरुवात, त्यांनी शिक्षिकेचा पेशा पत्करला, पुण्यास हुजूरपागेत अध्यापन केले, आणि 1945 साली ग्रामसेविकांच्या एका शिबिरात ताराबाईंशी गाठ पडताच पुण्यातली स्थिर नोकरी सोडून त्या बोर्डीस गेल्या. त्यानंतर 28 वर्षे, 1973 साली ताराबाई निवर्तल्या तोपर्यंत, त्या त्यांच्या सहकारी होत्या आणि स्वतःला त्यांची शिष्याच मानीत. कामाच्या रगाड्यात राहून 1961 साली, वयाच्या 51व्या वर्षी, त्यांनी बी. ए.ची पदवी घेतली. विद्यार्थ्यांवरील शिक्षकाच्या प्रभावाचा विचार करताना आपण बहुधा बालकांपुरते पाहतो. पस्तिशीतल्या एका शिक्षिकेस दुसऱ्या शिक्षिकेने कसे घडविले, हे पाहिल्याखेरीज कोसबाडचा इतिहास अपुरा राहील.

1957 साली हे केंद्र बोर्डीहून आत, कोसबाडच्या टेकडीवर गेले. डहाणू तालुक्यातील हा वारल्यांचा मुलूख. सावकार-जमीनदारांची वेठबिगार आणि लग्नापुरत्या कर्जापायी नवराबायकोने धन्याच्या दारी राबत राहण्याची लग्नगडीची चाल ह्यांविरुद्ध 1945 पासून गोदावरी परुळेकर व त्यांचे सहकारी ह्यांनी किसान सभेतर्फे उठाव घडवून आणला होता. वेठ सुटली; तरी पिढ्यान्‌पिढ्यांचा धाक आणि दारिद्र्य एका लढ्याने पाड्यांतून निघून जाणारे नव्हते. अशा मुलखात केवळ शाळेची इमारत बांधून, हजेरीपट घेऊन वाट पाहत बसणारा गुरुजी काय करणार?

कोसबाडला अडचणींचा तपशील मुलांपासूनच समजून घेण्यात आला. थोरली मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर मूल आहे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही एकाच आवारात आणून विकासवाडीची रचना झाली. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि ताई पाटीपाशी. मुलगा येत नाही, कारण तो गुरांमागे असतो. म्हणून शिक्षक चराईच्या रानात गेला आणि कुरणशाळा जन्मास आली. गुरे चरत असता मुले मोकळी होत तेवढ्या वेळात तेथे धडा होई. शिक्षणखात्याच्या नियमांच्या पुस्तकात अशा शाळेस स्थान नव्हते. मला स्वतःला ह्या सबंध वाटचालीत कुरणशाळा सर्वांत थोर वाटते, कारण तीत मुलाच्या श्रमाचा अपमान नाही. गुरे सोडून ये, मग शिकवीन, अशी अटच तेथे नाही.

परिणाम काय झाला? येथे तयार झालेल्या सेविकांमध्ये आदिवासी स्त्रियाही होत्या, आणि पाड्यावरच्या मुलास शिक्षिका आपल्याच बोलीत साद घालू लागली हा त्यातला माझ्या मते सर्वांत टिकाऊ लाभ होय. ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण आणि अनुताईंना 1985 साली पद्मश्री मिळाली. 1975 साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली व तीतून गावोगाव अंगणवाड्या निघाल्या. त्या कल्पनेचे मूळ बोर्डीच्या प्रयोगात शोधले जाते, ते रास्तच आहे. मात्र पूरक आहार, लसीकरण व वजनाच्या नोंदी हे जसे हुकमाने सर्वत्र पोहोचविता येते तसे मुलाच्या मस्तकावरून हात फिरविणे पोहोचविता येत नाही. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या, अनेक कचेऱ्यांचे तक्ते भरता भरता दिवस मावळणाऱ्या सेविकेकडून ते मागण्याचा अधिकार आपणांस कितपत पोहोचतो, ह्याचे उत्तर योजनेच्या कर्त्यांनी दिले पाहिजे.

ताराबाईंच्या मागे अनुताई कोसबाडलाच राहिल्या. मूकबधिर मुलांसाठी शाळा, स्त्रियांसाठी उद्योग अशी कामे त्यांनी हाती घेतली. आणि 1982 साली, वयाची सत्तरी उलटल्यावर, रमेश पानसे यांच्यासह ग्राममंगल ही नवी संस्था काढून आदिवासी मुलांच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग पुन्हा मुळापासून मांडण्यास त्या सिद्ध झाल्या. 27 सप्टेंबर 1992 रोजी त्यांचे निधन झाले. ग्राममंगलचे काम त्यांच्यानंतरही चालू राहिले.