कानागीची कडी

कानागी स्टेशनात गाडी शिरते तेव्हा मी लोकांकडे बघत नाही, ड्रायव्हरच्या हाताकडे बघतो. खिडकीतून तो मोठी कडी पुढे करतो. कडीला चामड्याची पिशवी, पिशवीत पितळेची चकती. फलाटावरचा कर्मचारी ती घेतो आणि पुढच्या टप्प्यात शिरायच्या परवानगीची दुसरी खूण देतो. ड्रायव्हर तिच्याकडे बोट दाखवून मोठ्याने खात्री बोलून दाखवतो, मगच निघतो.

जपानच्या आओमोरी प्रांतातली त्सुगारू रेल्वे १९३० साली सुरू झाली. गोशोगावारा ते नाकासातो, अवघे २०.७ किलोमीटर, एकेरी रूळ, आजूबाजूला भातखाचरं, दूरवर इवाकी पर्वत. समोरासमोरच्या गाड्यांचं क्रॉसिंग वाटेत फक्त कानागीला होतं. गोशोगावाराकडच्या टप्प्यासाठी दोन्ही स्टेशनांत विजेने जोडलेली यंत्रं आहेत. एका यंत्रातून चकती बाहेर काढली की ती परत यंत्रात पडेपर्यंत दुसरी कुठूनच निघत नाही. आपल्याकडे एकेरी मार्गावर ड्रायव्हरला गोळा द्यायचे, त्याचीच ही जपानी भावंडं. नाकासातोकडचा टप्पा त्याहून साधा: तिथे एकच खूण असते. ती नाकासातोहून परत आली नसेल, तर समोरचे रूळ कितीही मोकळे दिसोत, गाडी हलत नाही.

सिग्नलही हाताचेच. लिव्हर ओढला की तारेला ताण बसतो आणि खांबावरचा लाल हात खाली झुकतो. हात आडवा, तर थांबा. डिसेंबर ते मार्च कोळशाच्या शेगड्या पेटवलेले डबे धावतात. लेखक दाझाई ओसामू याच कानागी गावचा; त्याचं घर पाहायला आणि शेगडीवर भाजलेला सुका माकूल खायला पर्यटक येतात. त्यातल्या बहुतेकांची नजर या कडीवरून घसरून जाते, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

कारण जपानच्या खेड्यांतली कितीतरी स्टेशनं आता निर्मनुष्य झाली आहेत. कानागीत मात्र गणवेशातली माणसं आहेत, कारण इथली पद्धतच त्यांच्याशिवाय चालत नाही. चकती यंत्रातून काढायला, लिव्हर ओढायला, कडी द्यायला माणूस लागतो. मग तोच माणूस तिकीट देतो आणि गाडीतून उतरणाऱ्या आजींशी चार शब्द बोलतो. आधुनिक यंत्रणा बसवली तर पहिली बचत याच पगारांची होईल. ती न होवो, असं मला मनापासून वाटतं.