व्हायरल लोडचा रिपोर्ट कसा वाचावा

बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं, काउंट वर आले, डिस्चार्ज मिळाला, तरी पहिले शंभर दिवस डॉक्टर रुग्णाला रुग्णालयापासून लांब जाऊ देत नाहीत. बंगळुरूत होसूर रस्त्यावर, बोम्मसंद्र्याला नारायणा हेल्थचं मजुमदार शॉ मेडिकल सेंटर आहे. तिथे उपचारासाठी बेळगाव-सोलापूरकडून आलेल्या कुटुंबाला त्याच रस्त्यालगतच्या एचएसआर लेआउटमध्ये खोली घेऊन राहणं सोयीचं पडतं. या मुक्कामात दर आठवड्याला एक तपासणी होते : सीएमव्ही पीसीआर. तिचा आकडा कसा तयार होतो आणि त्यावरून काय ठरतं, हे घरच्यांना कळलं तर बरीचशी धास्ती कमी होते आणि काळजी योग्य जागी घेता येते.

सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस. हा नागिणीच्या विषाणूच्याच कुळातला. आपल्याकडच्या बहुतेक प्रौढांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो आणि नंतर शरीरात जन्मभर निपचित पडून राहतो. टी-पेशी त्याला डोकं वर काढू देत नाहीत. दात्याच्या पेशी घेऊन केलेल्या ट्रान्सप्लांटमध्ये मात्र जुनी प्रतिकारशक्ती पुसली जाते आणि नवी तयार व्हायला महिने लागतात. अर्धी जुळणी असलेला दाता, आधी सीएमव्ही न झालेला दाता, किंवा जीव्हीएचडीसाठी (दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करतात तो आजार) चालू असलेली स्टेरॉइड्स, यांपैकी काही असेल तर धोका वाढतो. विषाणू फुप्फुसात पोचला तर न्यूमोनिया होतो आणि तो जिवावर बेतू शकतो. म्हणून ताप-खोकल्याची वाट न पाहता विषाणू रक्तात दिसू लागताच त्याला गाठायचं, हे या तपासणीमागचं सूत्र.

रक्त घेतात ते जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत. सेंट्रल लाइनमधून घ्यायचं असेल तर सुरुवातीचं रक्त टाकून देतात. लाइनमध्ये भरलेलं हेपारिन नमुन्यात आलं तर पीसीआरची क्रिया अडू शकते. प्रयोगशाळेत प्लाझ्मा किंवा पूर्ण रक्तातून डीएनए वेगळा काढतात आणि विषाणूच्या डीएनएचा एक ठरावीक तुकडा यंत्रात पुन्हा पुन्हा दुप्पट करतात. दहा फेऱ्यांत एकाचे हजारावर होतात, तीस फेऱ्यांत शंभर कोटींहून जास्त. प्रत्येक नव्या तुकड्यासोबत प्रकाशाचा संकेत वाढतो. तो जितक्या लवकरच्या फेरीत दिसेल, तितका मुळात विषाणू जास्त. ज्यांतलं प्रमाण आधीच माहीत आहे अशा नमुन्यांशी ताडून आकडा, म्हणजेच व्हायरल लोड, काढतात. तो एका मिलिलिटरमागे किती आंतरराष्ट्रीय युनिट, असा लिहिलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं त्यासाठीचं प्रमाण २०१० मध्ये ठरवून दिलं.

रिपोर्ट हाती आला की आधीचे रिपोर्ट शेजारी ठेवा. ५०० चे ६५० झाले, तर तो तपासणीतला नेहमीचा चढउतार असू शकतो. साधारण तिपटीहून मोठा बदल खरा मानतात. ५०० चे आठवड्यात ५,००० झाले, तर विषाणू जोमानं वाढतो आहे आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायला हवं. दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत. प्लाझ्मापेक्षा पूर्ण रक्तातला आकडा सहसा जास्त येतो, यंत्रणाही वेगळ्या असतात. घराजवळच्या कलेक्शन सेंटरवर नमुना द्यायचा असेल, तर तो दर वेळी त्याच प्रयोगशाळेत जातो ना, हे विचारून घ्या.

किती आकड्याला औषध सुरू करायचं, ही मर्यादा प्रत्येक केंद्र रुग्णाचा धोका पाहून ठरवतं. सहसा गॅन्सिक्लोव्हिर शिरेतून किंवा व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर गोळ्यांनी देतात. त्यांनी पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून सीबीसी वारंवार करावा लागतो. फॉस्कार्नेट हे दुसरं औषध दिलं तर त्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो. औषध लागू पडत असतानाही पहिल्या एक-दोन आठवड्यांत आकडा थोडा वाढू शकतो. योग्य मात्रेत औषध देऊनही त्यानंतर तो चढतच राहिला, तर विषाणू औषधाला दाद देत नाही का, हे जनुकीय चाचणीनं पाहतात. २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं लेटरमोव्हिर विषाणू वाढू नये म्हणून आधीपासूनच देतात. ते पेशी घटवत नाही. पण नागिणीवर त्याचा उपयोग नाही, म्हणून असायक्लोव्हिर चालूच ठेवायचं असतं.

या तपासणीला मर्यादाही आहे. सीएमव्ही आतड्यात असताना रक्तातला आकडा अगदी कमी, कधी शून्यही येतो. जुलाब, पोटदुखी, शौचातून रक्त असेल तर दुर्बिणीनं आतड्याचा तुकडा काढून तपासावा लागतो. धाप लागणं किंवा नजर धूसर होणं, हेही रिपोर्ट चांगला असला तरी लगेच कळवावं. शिवाय ही तपासणी फक्त सीएमव्हीची आहे; लघवीतून रक्त आलं तर बीके विषाणूचा विचार होतो. गाठी वाढल्या तर ईबीव्ही या विषाणूचा, आणि मुलांमध्ये अॅडिनोव्हायरसवरही नजर ठेवतात.

शंभर दिवसांनी गावी परतताना या तपासण्या सुटण्याचा धोका सगळ्यात मोठा असतो. स्टेरॉइड्स चालू असतील तर देखरेख पुढेही लागते. म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या : पुढचा नमुना कधी, तो कोणत्या प्रयोगशाळेत, आणि आकडा किती झाला की फोन करायचा.