मंत्र अडला तर हातात काय? 'डी अँड डी'तल्या जादूगाराने शस्त्र कसं निवडायचं

'स्ट्रेंजर थिंग्ज'चा पहिला एपिसोड आठवतोय? तळघरात चार पोरं टेबलाभोवती बसलेली. समोर डेमोगॉर्गन उभा राहतो. एक जण ओरडतो संरक्षणाचा मंत्र टाक, दुसरा ओरडतो फायरबॉल टाक. विल फायरबॉल निवडतो, फासा टाकतो आणि आकडा येतो ७. मंत्र फसला, विषय संपला.

तो खेळ म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स', म्हणजेच 'डी अँड डी'. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डन्जन मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत उतरतात आणि काय जमलं, काय फसलं हे फासे ठरवतात.

या खेळात नवीन आलेल्यांना जादूगार व्हायची भारी हौस असते. आणि पहिल्याच दिवशी आडवा पडतो तोही बऱ्याचदा जादूगारच. कारण पात्र तयार करताना सगळं डोकं मंत्रांच्या यादीत जातं आणि शस्त्राच्या रकान्यात काहीतरी लिहून मोकळं व्हायचं असतं. तो रकाना नीट कसा भरायचा, तेवढंच इथे बघायचंय.

जादूगाराला शस्त्र लागतंच कशाला?

याचं उत्तर आपल्याकडे आधीपासूनच आहे. आपण 'शस्त्रास्त्र' हा शब्द एका दमात म्हणतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शस्त्र म्हणजे हातात धरून वापरायचं हत्यार. अस्त्र म्हणजे मंत्र म्हणून सोडायचं. कर्णाकडे ब्रह्मास्त्र होतं, पण परशुरामाच्या शापामुळे ऐन वेळी त्याला ते आठवलं नाही. अस्त्राची गोची हीच, ते कधी अडेल याचा नेम नाही.

खेळातही मंत्र अडतो. 'सायलेन्स' मंत्राच्या घेऱ्यात आवाज निघत नाही, त्यामुळे तोंडाने म्हणायचे मंत्र बंद. हात बांधले तर हातवारे लागणारे मंत्र बंद. समोरच्यावर आगीचा परिणामच होत नसेल तर आगीचा मंत्र फुकट. अशा वेळी कमरेला काय खोचलंय, तेच कामाला येतं.

त्यात जादूगाराचा जीव मुळात छोटा. २०१४ च्या नियमांत पहिल्या लेव्हलचा जादूगार साधारण ७-८ हिट पॉइंट घेऊन फिरतो. साध्या गॉब्लिनचा एक घाव सरासरी ५ चा. म्हणजे दोन घाव बसले की जादूगार जमिनीवर.

आधी तर फक्त खंजीर मिळायचा

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ आणला, तेव्हा जादूगाराला एकच शस्त्र चालायचं, खंजीर. १९७८ च्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीच्या खेळाडू-पुस्तकात त्यात फेकायचे डार्ट आणि काठी आली. हिशोब सरळ होता. ज्याच्या हातात पुढे जाऊन आख्खी फौज जाळायची ताकद येणार, त्याला तलवारही दिली तर योद्ध्याने काय करायचं?

आता हेच टोल्किनचा गॅन्डाल्फ काठीबरोबर तलवारही चालवतो, त्यामुळे यावर तेव्हापासून वाद आहेत. पण नियम हळूहळूच सैल झाले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत जादूगाराला पाच शस्त्रं मिळाली: खंजीर, डार्ट, गोफण, काठी आणि हलका क्रॉसबो.

यादी पुन्हा वाचा. त्यातली दोन शस्त्रं शिरूर आणि दौंडच्या कुठल्याही गावात आजही सापडतील.

गोफण

ज्वारी-बाजरीची कणसं भरायला लागली की पाखरांचे थवे उतरतात. मग शेतात माळा घालायचा, त्यावर उभं राहायचं आणि गोफण फिरवायची. दोरीची विणलेली खोळ, त्यात गोटा. दोरीचं एक टोक बोटात अडकवलेलं, दुसरं नेमक्या क्षणी सोडायचं. त्यातून सुटणाऱ्या दगडाला मराठीत स्वतंत्र शब्द आहे, गोफणगुंडा.

खेळात गोफणीची किंमत १ चांदीचं नाणं. क्रॉसबो मिळतो सोन्याच्या २५ नाण्यांना. एका सोन्याच्या नाण्याची चांदीची १० होतात, म्हणजे एका क्रॉसबोच्या पैशात २५० गोफणी येतात. पल्ला ३० फुटांपर्यंत बिनधास्त, १२० फुटांपर्यंत नेम अवघड. मार चार बाजूंच्या फाशाचा, त्यात चपळाईचा बोनस. गोटे संपले तर नदीकाठी मिळतील का, हे डन्जन मास्टरला विचारायला कुणाची हरकत नाही.

काठी

मेंढरांमागे चालणारा धनगर असो की रात्री उसाला पाणी द्यायला निघालेला शेतकरी, हातात काठी असतेच. खेळात तिची किंमत चांदीची २ नाणी. एका हाताने मारली तर सहा बाजूंचा फासा, दोन्ही हातांनी मारली तर आठ बाजूंचा.

पण इथे एक मेख आहे. काठीला लागते ताकद आणि जादूगार ताकदीत कच्चा असतो. त्यामुळे नेमही चुकतो आणि बसलेला मारही कमी होतो. मग काठी घ्यायची कशाला? तर जादूची काठी मंत्र सोडायचं साधन म्हणूनही चालते. २०२४ च्या नियमांत तर स्पष्टच लिहिलंय की ही काठी मारायलाही वापरता येते. एका वस्तूत दोन कामं.

खंजीर

किंमत सोन्याची २ नाणी. मार गोफणीएवढाच, पण खंजीर ताकदीऐवजी चपळाईवर चालवता येतो. जवळून खुपसता येतो, २० फुटांवर नेम धरून फेकता येतो, बाहीत लपवताही येतो. एकच शस्त्र घ्यायचं असेल तर हे घ्या. डार्ट म्हणजे फक्त फेकायचा स्वस्तातला भाऊ, त्यावर फार वेळ घालवायची गरज नाही.

क्रॉसबो

यादीतला सगळ्यात जोरकस. आठ बाजूंचा फासा आणि ८० फुटांचा पल्ला. दोन अडचणी आहेत. एक म्हणजे दोन्ही हात गुंततात. दुसरी म्हणजे २०१४ च्या पुस्तकात जादूगाराच्या सुरुवातीच्या सामानात तो नसतो. तिथे काठी किंवा खंजीर यातलं एक मिळतं, क्रॉसबो विकतच घ्यावा लागतो.

आता हिशोब बघा

'फायर बोल्ट' हा मंत्र फुकटात कितीही वेळा टाकता येतो. मग क्रॉसबोवर २५ नाणी कशाला घालवायची?

समजा जादूगाराचा बुद्धीचा बोनस ३ आहे आणि चपळाईचा २. समोर गॉब्लिन, त्याचा बचाव १५. फायर बोल्ट १०० पैकी ५५ वेळा लागेल आणि लागला की सरासरी ५.५ मार. क्रॉसबो १०० पैकी ५० वेळा लागेल, पण मार ६.५, कारण त्यात चपळाईचा बोनस मिळतो. क्रिटिकल हिट बाजूला ठेवले तर सरासरी निघते फायर बोल्टची ३ च्या आसपास, क्रॉसबोची ३.२५.

म्हणजे पहिल्या लेव्हलला लाकडाचं यंत्र जादूपेक्षा जरा सरस. पण पाचव्या लेव्हलला फायर बोल्टला दहा बाजूंचे दोन फासे मिळतात, मार सरासरी ११ होतो आणि क्रॉसबो मागे पडतो. थोडक्यात, क्रॉसबो हा पहिल्या चार लेव्हलचा सोबती आहे. नंतर तो विकून टाकला तरी चालतो.

हिशोब बदलवणाऱ्या तीन जागा

आकडे कागदावर ठीक, पण शस्त्र ठरतं ते जागेवर. यासाठी शिरूर-दौंडच्याच तीन जागा घ्या आणि त्यावर गोष्ट रचा.

पहिली, इनामगाव. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर ताम्रपाषाण काळातलं हे गाव डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून उत्खनन करून उजेडात आणलं. तिथे चार पाय असलेल्या मोठ्या रांजणात पुरलेला माणसाचा सांगाडाही सापडला. आता समजा गोष्टीत असाच एक सांगाडा उठून उभा राहिला. खेळातल्या सांगाड्याला ठोकर मारणाऱ्या शस्त्राचा दुप्पट मार बसतो. फायर बोल्टचे ५.५ तसेच राहतात, क्रॉसबोचा बाणही साधाच लागतो. पण गोफणगुंड्याचे ४.५ थेट ९ होतात. इथे १ चांदीच्या नाण्याची दोरी सगळ्यांवर भारी पडते.

दुसरी, भीमा नदी. दौंडजवळ होडी उलटली आणि लढाई पाण्याखाली गेली. पूर्ण बुडालेल्यावर आगीचा मार निम्माच बसतो, म्हणजे फायर बोल्ट अर्धा वाया. काठी फिरवायलाही पाणी आडवं येतं, नेम बिघडतो. खंजीर मात्र पाण्यातही नेहमीसारखाच चालतो.

तिसरी, कुकडीचे रांजणखळगे. शिरूरचं टाकळी हाजी आणि पारनेरचं निघोज यांच्या मधल्या पात्रात पाण्याने आणि गोट्यांनी बेसॉल्ट कोरून खोल खळगे केलेत. अशा अडचणीच्या जागी शत्रू अंगाला येऊन भिडतो. ५ फुटांच्या आत शत्रू उभा असेल तर लांबून मारायच्या हल्ल्यावर डिसअ‍ॅडव्हांटेज येतं, म्हणजे दोन फासे टाकायचे आणि कमी आकडा धरायचा. हे क्रॉसबोला लागू आहे, गोफणीला आहे आणि फायर बोल्टलाही आहे. नवीन खेळाडू नेमके इथेच फसतात. इथे खंजीर काढा किंवा स्पर्शाने चालणारा 'शॉकिंग ग्रास्प' टाका. त्याचा झटका बसला की शत्रूला लगेच पलटवार करता येत नाही आणि मागे सटकायला वाट मिळते.

दांडपट्टा घेतला तर?

हा प्रश्न मराठी टेबलावर येणारच. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून तर जास्तच. पण जादूगारासाठी ही निवड चुकीची आहे. पट्ट्यात कोपरापर्यंतचा हात लोखंडी खोबणीत जातो. मंत्रासाठी बोटं मोकळी लागतात आणि पट्टा चढवलेला हात पटकन मोकळा होत नाही. 'वॉर कास्टर' ही खास क्षमता घेतली तर शस्त्र धरलेल्या हातांनीही मंत्र टाकता येतो, पण पहिल्या लेव्हलला तो विचार सोडा.

त्यापेक्षा बिचवा बघा. विंचवाच्या नांगीसारखा वळलेला, छोटा, लपवता येणारा. नियम खंजिराचेच ठेवायचे आणि नाव फक्त बिचवा द्यायचं. नियमांना धक्का लागत नाही आणि पात्र इथल्या मातीतलं होतं. नाव बदलून नियम तेच ठेवायची ही पद्धत खेळाडूंमध्ये जुनीच आहे.

नवीन नियमांत काय बदललं?

२०२४ च्या सुधारित पुस्तकात जादूगाराला सगळीच साधी शस्त्रं वापरता येतात. म्हणजे भालाही आला, गदाही आली. त्याहून मोठा बदल 'ट्रू स्ट्राइक' मंत्रात झाला. हा मंत्र टाकून हल्ला केला की चपळाई किंवा ताकदीऐवजी जादूगाराची बुद्धी मोजली जाते. वरच्याच जादूगाराचा क्रॉसबो मग १०० पैकी ५५ वेळा लागतो आणि मार होतो ७.५. पाचव्या लेव्हलपासून त्यात जादा फासेही मिळतात, त्यामुळे नवीन नियमांनी खेळणार असाल तर क्रॉसबो विकायची घाई करू नका.

बाकी मंत्रवाल्यांचं थोडक्यात. ड्रुइड असाल तर डोळे झाकून काठी घ्या, त्यांच्या 'शिलेली' मंत्राने काठी ताकदीऐवजी शहाणपणावर चालते. वॉरलॉककडे 'एल्ड्रिच ब्लास्ट' असतो, त्यांना क्रॉसबोची फारशी गरज पडत नाही.

टेबलावर बसण्याआधी एक गोष्ट

गोष्ट आपल्या भागात रचताना राक्षस कोण असणार, हे आधी बोलून घ्या. शिरूरच्या उसात बिबट्या घालायचा मोह सहज होतो. पण २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. टेबलावरचा एखादा जण त्याच पट्ट्यातला असू शकतो आणि रात्री काठी घेऊन पाणी द्यायला जाणं हा त्याच्या घरच्यांसाठी खेळ नसतो. खेळ सुरू होण्याआधीच्या अशा बैठकीला 'सेशन झिरो' म्हणतात. पाच मिनिटं लागतात, पण एखाद्याची संध्याकाळ खराब व्हायची वाचते.

तर मग घ्यायचं काय?

जादूगाराच्या सुरुवातीच्या सामानात खंजीर निवडा. चांदीचं एक नाणं काढून गोफण घ्या. पैसे उरले तर क्रॉसबो, आणि मंत्राचं साधन म्हणून काठी. २०१४ च्या आणि नवीन अशा दोन्ही नियमांचा मूळ गाभा इंटरनेटवर अधिकृतपणे मोफत आहे, त्यामुळे पुस्तक विकत घ्यायच्या आधी मोफत नियम वाचून चार मित्र आणि फासे जमवले तरी पहिली गोष्ट सुरू होते.

आणि फायरबॉल टाकल्यावर फाशावर ७ आलाच, तर घाबरू नका. पुढच्या डावाला हातात गोफण आहे.