पॉवर बँक आणि विमानप्रवास

विटा, खानापूर, आटपाडी या भागातील गलाई बांधव सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायानिमित्त भारतभर विखुरलेले आहेत. त्यांच्यापैकी काही जण आता गावी विमानाने येतात. सातारा वा सांगली जिल्ह्यातून प्रवासी विमानसेवा नाही. तेव्हा पुणे किंवा कोल्हापूर गाठूनच विमान धरावे लागते. एवढ्या प्रवासात मोबाईल उतरतो, म्हणून पिशवीत पॉवर बँक असते. ती नेमकी कोठे ठेवावी, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

पॉवर बँकेत लिथियम-आयन विद्युतघट असतात. हे घट १९९१ साली बाजारात आले. थोड्या वजनात पुष्कळ ऊर्जा साठविणे हा त्यांचा गुण, आणि धोकाही त्यातच आहे. दोन ध्रुवांमधील पातळ पडदा आघाताने वा सदोष बनावटीमुळे फाटला की घट तापतो. त्या उष्णतेने रासायनिक क्रिया वाढतात आणि वाढलेल्या क्रियांनी उष्णता आणखी वाढते. आतील द्रव ज्वलनशील असल्याने पुढे आग लागते.

सामानकक्षात हॅलॉन वायूने आग विझविण्याची सोय असते. पण हॅलॉन ज्वाळा दाबतो, घट थंड करीत नाही. भट्टी विझविली तरी मूस लगेच निवत नाही, हे गलाई कारागिरास सांगावे लागत नाही. केबिनमध्ये मात्र धूर ताबडतोब दिसतो आणि कर्मचारी पाण्याने घट थंड करू शकतात. म्हणूनच पॉवर बँक सामानकक्षात जाणाऱ्या बॅगेत ठेवण्यास मनाई आहे; ती हातातील सामानातच हवी.

दुसरा नियम क्षमतेचा. १०० वॉट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची संमती लागते, त्यापुढे बंदी. हिशेब सोपा आहे: मिलिअँपिअर-तासांना व्होल्टने गुणून १००० ने भागावे. घटाचा दाब ३.७ व्होल्ट धरला, तर २०,००० ची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची, ३०,००० ची १११ ची. छापील आकडे पुसले गेले असल्यास तपासणीत अडचण येते.

२८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील गिमहे विमानतळावर उभ्या असलेल्या एका विमानाला आग लागली. आतील १७६ जण बाहेर पडले, म्हणून वाचले. पॉवर बँकेतील बिघाड हे संभाव्य कारण ठरले. त्यानंतर अनेक देशांनी नियम कडक केले. आपल्याकडेही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये, पॉवर बँक डोक्यावरील कप्प्यात ठेवू नये व उड्डाणात तिच्यावर मोबाईल चार्ज करू नये, असे परिपत्रक काढले.

एक गोष्ट मात्र सहज विसरते. केबिनमध्ये जागा नसली की दारातच हातातील बॅग सामानकक्षासाठी मागून घेतात. बॅग देण्यापूर्वी पॉवर बँक काढून घ्यावी. फुगलेली किंवा आपटलेली असेल, तर ती घरीच ठेवावी. कंपनीनिहाय नियम निघण्यापूर्वी पाहावेत. तपासणीच्या रांगेत हे नियम जाचक वाटतात खरे. पण आकाशात गाडी थांबवून खाली उतरता येत नाही, एवढे ध्यानात ठेवले की त्यांचा अर्थ कळतो.