पाताळांतील उष्णतेचें गणित

पुस्तकाची नवी आवृत्ति हातीं आली म्हणजे आधीं शुद्धिपत्र पाहावें, अशी कित्येक जुन्या वाचकांची रीत असते. भूगर्भांतील उष्णतेचें गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरच्याहि अशाच आवृत्त्या निघतात, आणि प्रत्येकीबरोबर नवें काय व सुधारलें काय याची यादी येते. यादी दिसावयास रूक्ष खरी. परंतु तिच्या मागें केवढी जबाबदारी उभी आहे, तें वाचकांस सांगावें असें आम्हांस वाटतें.

न्यूझीलंडमध्यें वैराकेई येथें १९५८ सालीं भूगर्भांतील वाफेवर वीज निर्माण करण्यास आरंभ झाला. ऊन पाणी उपसलें जाऊं लागलें तसा जमिनीखालील दाब उतरला. जवळच्या खोऱ्यांतील नैसर्गिक कारंजीं निमालीं, आणि एके ठिकाणीं तर जमीन सुमारें १५ मीटर खचली. पेवांत धान्य किती उरलें हें वरून दिसत नाहीं; काढणाऱ्याचा हात मात्र रोज चालू असतो. पेव निदान उघडून पाहतां येतें. येथें खडकाखालीं दोन-तीन किलोमीटर डोकवावें तें कोणीं? म्हणून गणिताचा आश्रय.

तें गणित असें: जमिनीचे कल्पनेनें हजारों ठोकळे पाडावयाचे, आणि प्रत्येकांत दाब किती, उष्णतामान किती, पाणी किती व वाफ किती, याचा हिशेब ठेवावयाचा. एका ठोकळ्यांतून गेलेलें पाणी व उष्णता शेजारच्याच्या खातीं जमा झालीच पाहिजे. प्रथम मनुष्याचा हात लागण्यापूर्वीं भूगर्भ जसा होता तसा गणितांत उभा करितात. मग झालेल्या उपशाचे आंकडे घालून विहिरींवरील प्रत्यक्ष मोजमापांशीं ताळा पाहतात. तो जमला तरच पुढील वर्षांचें भाकीत. किती उपसावें व थंड झालेलें पाणी परत कोठें सोडावें, हें त्या भाकितावर ठरतें.

या कामीं 'टफ' या प्रणालीचें घराणें प्रसिद्ध आहे. अमेरिकेंतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेंत कार्स्टन प्रुएस यांनीं तें उभारलें. १९९१ सालीं 'टफ-२' निघाली व १९९९ सालीं तिची दुसरी आवृत्ति. पुढें 'टफ-३' मध्यें, अनेक प्रोसेसर एकाच वेळीं राबविणारी स्वतंत्र शाखा मूळ प्रणालींत मिळविण्यांत आली. वेगळी चूल मांडलेला भाऊ पुन्हा घरीं आला, असेंच म्हणाना!

पण नव्या गणितावर विश्वास कां ठेवावा? पंचांगकर्त्यानें नवी पद्धति काढली तर लोक त्याला ग्रहणाची वेळ विचारतात. तशीच कसोटी येथें १९८० सालीं स्टॅनफर्ड येथें लागली. सहा उदाहरणें ठरवून निरनिराळ्या मंडळींनीं तीं आपापल्या प्रणालीनें सोडविलीं व उत्तरें शेजारीं शेजारीं मांडलीं. पहिल्याचें उत्तर सूत्रानेंहि काढतां येण्याजोगें होतें, पुढचीं कठीण. कठीण उदाहरणांत सर्वांचा मेळ बसला म्हणजे भूगर्भहि तसाच वागेल असें नव्हे. परंतु मेळ बसलाच नाहीं तर कोणाचें तरी चुकतें आहे, हें निश्चित.

ऑकलंड विद्यापीठ व जी. एन. एस. सायन्स यांनीं मिळून 'वैवेरा' नांवाची नवी प्रणाली रचली. तिचें विवेचन २०२० सालीं प्रसिद्ध झालें. माओरी भाषेंत 'वै' म्हणजे पाणी आणि 'वेरा' म्हणजे ऊन. आपल्या कोकणांतील उन्हवऱ्याच्या नांवांतहि 'ऊन' ऐकूं येतेंच! 'वैवेरा'ची सर्व लिखावट कोणासहि विनामूल्य पाहतां येते, आणि या नव्या प्रणालीलाहि स्टॅनफर्डचीं तीं चाळीस वर्षांपूर्वींचीं उदाहरणें सोडवून दाखवावीं लागलीं.

आवृत्तीच्या यादींतील नव्या सोयींपेक्षां 'अमुक स्थितींत उत्तर चुकत होतें, तें दुरुस्त केलें' ही ओळ आम्हांस अधिक मोलाची वाटते. त्या चुकीच्या उत्तरावर भरंवसून कोणी विहीर खोदावयाचें ठरविलें असेल, तर ती ओळ वाचून त्याला सारा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.